पेट्रोल स्वस्त आहे तोवर

बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीची मीटिंग चालू होती आणि विषय नेमका आमच्याच गाडीचा होता. चारकोपमधली आमची इमारत जुनी, चार मजल्यांची. गाड्या तेरा आणि उभ्या करायला जागा नऊ. त्यात आमची गाडी वर्षभर जागची हलली नव्हती. नवऱ्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला, दोन ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हापासून ती चंदेरी गाडी कव्हर पांघरून जिन्याशेजारी उभी होती. दर रविवारी तो खाली जाऊन ती दहा मिनिटं नुसती चालू करून ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून.

सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही गाडी काढून टाकणारच असाल तर ती जागा तिसऱ्या मजल्यावरच्यांना देता येईल."

नवरा माझ्याकडं न बघता म्हणाला, "काढायचीच म्हणतोय. चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवायचा, वर पेट्रोलचे हे भाव. परवडत नाही."

एवढ्यात पाच-सहा जणांचे फोन एकदमच वाजले. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी चष्मा कपाळावर सारून मेसेज मोठ्यानं वाचला. राज्य सरकारनं पेट्रोल-डिझेलवरचा आपला कर दोन महिन्यांसाठी थांबवला होता. शनिवार उलटला की नवे भाव लागू. मग मीटिंग कसली आणि काय! एक जण म्हणाला, खरं नसेल, कुणीतरी उठवलंय. दुसऱ्यानं टीव्ही लावायला वर धाव घेतली आणि गॅलरीतून ओरडला, "खरं आहे रे, खरं आहे!" रोज स्कूटरवरून अंधेरीला जाणारी दुसऱ्या मजल्यावरची मुलगी खुर्चीवरून उठून चक्क टाळ्या पिटायला लागली.

मीही उठले होते. का उठले ते मलाच कळत नव्हतं. तोंडातून वाक्य निघून गेलं, "आमची गाडी विकायची नाही. मी चालवणार आहे."

नवऱ्यानं हळूच विचारलं, "तू?"

"मी. लायसन्स आहे माझ्याकडं."

लायसन्स होतं, हे खरंच. लग्नानंतरच्या वर्षी काढलेलं. त्याचा उपयोग मी आजवर बँकेत आणि विमानतळावर ओळखपत्र म्हणून केला होता. आम्ही दोघं एकाच ऑफिसात लागलो होतो, त्यामुळं आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. भांडणही बरोबरीचं. पण गाडीच्या बाबतीत मी कधी भांडले नव्हते. जेव्हा जेव्हा म्हटलं की मला शिकव, तेव्हा तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "पेट्रोलचा भाव बघितलास का? शिकणाऱ्याच्या हातात दुप्पट जळतं." तो कंजूष नव्हता. भाव खरोखरच दर वर्षी वर जायचा आणि मलाही ते पटायचं. चैनीसाठी कोण पेट्रोल जाळणार? असं करता करता मी एकोणपन्नासची झाले.

घरी आल्यावर तो म्हणाला, "अगं, दोनच महिने आहे ते. मग पुन्हा आहेच."

"मग दोन महिन्यांत शिकते."

शनिवारपर्यंत सगळ्या उपनगरानं पेट्रोल भरायचं थांबवलं. आज कशाला भरायचं, परवा स्वस्तात भरू. ऑफिसातला एक जण तीन दिवस बायकोच्या सायकलवरून स्टेशनला आला. आमच्या गाडीचा काटा तर केव्हापासूनच लाल रेघेखाली होता.

रविवारी सकाळी साडेसहाला खिडकीखाली एक हॉर्न वाजला. लांबलचक, मध्ये एकदा अडखळणारा. तो हॉर्न मी वर्षभरानं ऐकत होते. मी चहा तसाच टाकून खाली पळाले.

कोपऱ्यावर आंटीचा टेम्पो उभा होता. आंटी गोराईची. खाडीच्या पलीकडं तिची वाडी. वांगी, माठ, मुळा, मिरची करायची. आमच्या नाक्यावर ती किती वर्षं भाजी विकत होती हे मला सांगताही येणार नाही. वय पासष्टीचं, फुलाफुलांचा झगा, गळ्यात बारीक सोन्याचा क्रूस. टेम्पो स्वतः चालवायची. गोराई आमच्या समोर असली तरी मध्ये खाडी. माणसं होडीनं येतात, टेम्पोला मात्र उत्तन, भाईंदर, दहिसर असा मोठा वळसा घालावा लागतो. डिझेल चढत गेलं तसा तो वळसा तिला झेपेना. वर्षापूर्वी ती यायची थांबली आणि माल बांधावरच व्यापाऱ्याला देऊ लागली. मी काकुळतीनं फोन केला होता, तेव्हा म्हणाली होती, "वांगी मी पिकवते आणि पैसे डिझेल खातं. कशाला येऊ?"

आता ती फाळका उघडून टोपल्या उतरवत होती. मला बघून ओरडली, "आले गं! डिझेल उतरलं ना! काल संध्याकाळी तोडणी केली, पहाटे निघाले."

मी तिला मिठीच मारली. तिच्या झग्याला ओल्या मातीचा आणि कोथिंबिरीचा वास होता. दोन मिनिटांत मी तिला मीटिंगपासून सगळं सांगून टाकलं. ती टोपल्या मांडता मांडता ऐकत होती.

"मग गाडी कुठाय?"

"आहे खाली. पण पेट्रोल नाही. पंपापर्यंत नेणार कोण?"

"नऊ वाजेपर्यंत माल संपतो. मग नेऊ."

माल आठलाच संपला. लोक तिच्यावर तुटूनच पडले. काही जण भाजीसाठी आले होते, काही नुसते तिला बघायला. साडेआठला मी, नवरा आणि आंटी आमच्या गाडीपाशी उभे होतो. नवऱ्यानं कव्हर काढलं, घडी घातली, काच पुसली आणि किल्ली आंटीच्या हातात देताना एखादी मुलगी सासरी पाठवावी तसा चेहरा केला.

"क्लच जरा वर लागतो हां," तो म्हणाला.

"माझ्या टेम्पोचा लागतच नाही," आंटी म्हणाली. चपला काढून तिनं सीटखाली सारल्या आणि अनवाणी पायानं गाडी अशी अलगद काढली की आमच्या वॉचमननं सलाम ठोकला.

लिंक रोडवर जत्रा होती. खरंच जत्रा. पहिल्या पंपापासून निघालेली रांग थेट सिग्नलपर्यंत आली होती. स्कूटरवर अख्खी कुटुंबं, रिकामे टेम्पो, एका गाडीत तर आजोबांना हवा खायला आणलेलं. लोक भावाच्या बोर्डाचे फोटो काढत होते, जणू तो नवा भाव उद्या पुसला जाणार होता. अर्ध्या तासानं आम्ही दहा गाड्या पुढं सरकलो आणि बातमी आली की पेट्रोल संपलं. पंपावरच्या माणसानं आडवी दोरी बांधली. कोणीतरी शिव्या घातल्या तसा तो वैतागून म्हणाला, "साहेब, जुन्या करात घेतलेला माल नव्या भावात विकायचा म्हणजे नुकसान मालकाचं. कोण भरून ठेवणार टाकी? दुपारी टँकर येईल."

"वाट लागली," नवरा म्हणाला. "काटा बघ."

काटा बघण्यासारखा राहिलाच नव्हता. आंटीनं गाडी बंद केली. म्हणाली, "उतार आहे पुढं. ब्रेक सोडते, ढकला जरा." मग मी आणि माझा नवरा, दोघांची वयं मिळून शंभराच्या वर, लिंक रोडच्या कडेनं आमची गाडी ढकलत निघालो. मागून दोन बाइकवाले आले, त्यांनी पाय लावला. बसथांब्यावरची एक बाई पिशवी खाली ठेवून हात लावायला आली. आणि मला हसू यायला लागलं. इतकं हसू, की ढकलायची ताकदच राहीना. नवरा आधी चिडला, मग तोही हसायला लागला. त्याच्या आजारपणानंतर मी त्याला असा पोट धरून हसताना पाहिलंच नव्हतं.

पुढच्या पंपावर पेट्रोल होतं. तिथला माणूस नळी लावून म्हणाला, "झिरो बघा, मॅडम." मी झिरो बघितला आणि मग आकडे पळताना बघत राहिले. टाकी काठोकाठ भरली. मागच्या गाडीतल्या बाईंनी खिडकीतून मला पेढा दिला. कसला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कसला म्हणजे? पेट्रोलचा!"

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाण्याआधी तासभर शिकवणी. गुरू अर्थात नवरा. चारकोपच्या मागं खाडीकडं जाणारा एक रुंद रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खारफुटी, सकाळी चालणारी माणसं सोडली तर कोणी नाही. तिथं मी पहिला गिअर टाकला आणि गाडी बेडकासारखी उड्या मारत तीन वेळा बंद पडली. नवरा ओरडला, "क्लच! अगं क्लच!" मी म्हटलं, "दाबलाय!" तो म्हणाला, "सोड!" मी सोडला. चौथ्यांदा बंद.

मंगळवार, बुधवार असेच गेले. तो दात-ओठ खात हातातल्या रुमालाला पीळ देत बसायचा. गुरुवारी मी गाडी मोठ्या रस्त्यावर आणली. सिग्नलला थांबले, हिरवा झाला आणि मला निघताच येईना. मागं हॉर्नचा गदारोळ. नवऱ्यानं डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "तुला नाही जमणार. सरकारनं फुकट पेट्रोल दिलं तरी नाही जमणार."

मी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि उतरले. भर सिग्नलला गाडी, त्यात तो आणि त्याच्यासाठी मनाई असलेलं स्टिअरिंग असं सगळं सोडून मी घरी चालत आले. गाडी शेवटी एका रिक्षावाल्यानं कडेला लावून दिली. मला राग त्याच्या ओरडण्याचा नव्हता. तो म्हणाला ते खरं असेल, याची भीती होती.

शनिवारी आंटीनं माझ्या चेहऱ्याकडं बघूनच ओळखलं.

"ओरडला?"

"हो."

"नवऱ्याकडनं गाडी शिकायची नसते. मी पण नाही शिकले. चल, दहा वाजता मी बसते बाजूला."

तिच्या शिकवण्यात एक गंमत होती. ती गाडीबद्दल बोलायचीच नाही. डाव्या सीटवर बसून मांडीवर शेंगा घेऊन सोलत बसायची आणि स्वतःची गोष्ट सांगायची. मी विचारात पडले की पाय आपोआप नीट चालायचे. एका सकाळी मला कळलं की ती गाडी कशी शिकली. तिचा नवरा माडावरून पडला आणि पाय मोडून बसला. वाडीत टोमॅटो लाल झालेले. टेम्पो दारात, चालवणारा खाटेवर. दीर म्हणाला, आठवड्यानं बघू.

"टोमॅटो आठवडा थांबतो?" आंटी म्हणाली. "मी टेम्पो वाडीतच फिरवायला घेतला. पहिल्या दिवशी कुंपण पाडलं. दुसऱ्या दिवशी दिराच्या वांग्याचे दोन वाफे झोपवले. तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि बोरिवलीला गेले."

"तिसऱ्या दिवशी?"

"टोमॅटो पिकले होते ना गं. डावीकडं घे."

मी डावीकडं घेतली. सिग्नल होता, वळण होतं, समोरून पाण्याचा टँकर येत होता, आणि हे सगळं मी केलं हे मला वळून झाल्यावर कळलं.

तीन आठवड्यांत मी कांदिवलीभर हिंडू लागले. काय सांगू कसं वाटायचं! रोज ज्या रस्त्यानं रिक्षात अंग चोरून बसायचे, त्याच रस्त्यावर आता मी काच खाली करून कोपर बाहेर काढून जात होते. ऑफिसात मैत्रिणींना हात स्टिअरिंगसारखे धरून दाखवायचे. टीव्हीवर तज्ज्ञ लोक भांडायचे की हा कर थांबवल्यानं तिजोरीला भगदाड पडेल, रस्ते कशातून बांधणार, गाडीवाल्यांनाच का सवलत. त्यांचं चूक नसेलही. ज्याच्याकडं गाडीच नाही त्याला यातलं काय मिळालं, असं मलाही कधी कधी टोचायचं. पण मग नाक्यावर आंटीच्या टेम्पोभोवतीची गर्दी दिसायची आणि वाटायचं, तिच्या डिझेलमधलं थोडं या लोकांच्या पिशवीतही पोचलंय.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. चढ. चढावर थांबलेली गाडी मला पुढं काढताच येत नव्हती. क्लच अर्धा सोडायचा, हँडब्रेक हळूच उतरवायचा, रेस द्यायची, आणि तेवढ्यात गाडी मागं घसरायची. आंटीनं मला रेल्वेवरच्या पुलावर चार वेळा नेलं. तिथं मात्र ती शेंगा बाजूला ठेवून सांगायची, "गाडीच्या नाकात थरथर आली की मगच ब्रेक सोड." चारही वेळा मागच्यांनी हॉर्न वाजवले आणि मी घाम पुसत उतरले. पाचव्यांदा मी नेलीच नाही.

दुसऱ्या महिन्यातला एक रविवार. सकाळचे पावणेसात. फोन आंटीचा.

"टेम्पो बसला. दिंडोशीला आहे, कोर्टाकडं वळायच्या आधी, हायवेच्या कडेला. पाण्याचा पाइप फाटला. घाटकोपरची ऑर्डर आहे, माहितीय ना तुला?"

माहिती होती. आमच्याच नाक्यावर पूर्वी राहणारं एक कुटुंब घाटकोपरला पंतनगरात गेलं होतं. त्यांच्या घरी वडिलांची एकसष्टी होती, साठ माणसांचं जेवण. वडिलांनी हट्ट धरला होता की भरली वांगी आंटीच्या वांग्यांचीच. आचारी नऊला येणार होता.

"गाडी घेऊन ये," आंटी म्हणाली.

"मी? हायवेवर? एकटी?"

"मग काय मिरवणूक आणतेस?" आणि फोन बंद.

नवरा पेपर वाचत होता. मी त्याला सांगितलं. मला वाटलं, म्हणेल वेडी आहेस का. नाहीतर म्हणेल मी येतो बाजूला. त्यानं पेपर ठेवला, पायजमा बदलला आणि माझ्या आधी खाली गेला. मी पोचले तेव्हा त्यानं कव्हर काढून काचा पुसल्या होत्या. चाकांची हवा पायानं दाबून बघत होता.

"त्या दिवशी सिग्नलला मी जे बोललो," तो चाकाकडं बघत म्हणाला, "ते डोळ्याच्या रागानं बोललो. तुझ्या हातात किल्ली बघवत नव्हती मला. तेवढंच होतं ते."

मी म्हटलं, "येऊ जाऊन?"

"जा. उजवा आरसा जरा बाहेर कर. आणि डावीकडच्या पट्ट्यानं जा, घाई नको."

रेल्वेवरचा पूल आला. रविवार असल्यामुळं थांबावं लागलं नाही, सरळ वर गेले आणि उतरले. मग हायवे. बाजूच्या रस्त्यावरून हायवेत शिरताना मी इतका वेळ थांबले, की मागचा दूधवाला उतरून विचारायला आला. म्हणाला, "ताई, कोणी थांबणार नाही तुमच्यासाठी. घुसायचं." मी घुसले. आणि मग तो रुंद, सकाळचा मोकळा हायवे माझ्यासमोर पसरला. तिसरा गिअर, चौथा. चौथा मी आयुष्यात दुसऱ्यांदा टाकत होते. मी मोठ्यानं ओरडले. गाडीत कोणी नव्हतं म्हणून अगदी मनसोक्त ओरडले.

दिंडोशीला आंटी टेम्पोच्या पायरीवर बसून चहा पीत होती. आम्ही मागची सीट पाडली आणि माल भरला. वांग्यांच्या दोन टोपल्या, माठाच्या जुड्या, मिरच्या, कोथिंबीर आणि केळीच्या पानांचा भलामोठा भारा. भारा इतका लांब की त्याचं टोक आमच्या दोघींच्या सीटमधून पुढं आलं. आंटी चहावाल्याला टेम्पोवर लक्ष ठेवायला सांगून बाजूला बसली. आज शेंगा नव्हत्या.

जोगेश्वरीला डावीकडं वळून विक्रोळीचा जोडरस्ता धरला. आरे मागं पडलं. पुढं मेट्रोच्या खांबांमुळं रस्ता आवळलेला, आणि पवईच्या अलीकडं, नेमका चढावर, सगळा रस्ता गच्च तुंबला. माझ्या मागं येऊन थांबली ती बस. भली थोरली. आरशात नुसता तिचा लाल चेहरा.

"आंटी, चढ आहे."

आंटी खिडकीबाहेर बघत होती.

"आंटी, मागं बस आहे."

"असू दे. तिला ब्रेक आहेत."

पुढची गाडी हलली. हँडब्रेक ओढलेला. क्लच हळूहळू सोडला, सोडला, आणि गाडीच्या नाकात एक बारीक थरथर आली. आंटी ज्या थरथरीबद्दल पुलावर चार वेळा सांगत होती ती हीच असणार. मी रेस दिली, हँडब्रेक सोडला. गाडी एका इंचानंही मागं गेली नाही. पुढं गेली! पन्नास पावलं पुढं जाऊन पुन्हा थांबली. पुन्हा केलं. पुन्हा. त्या चढावर मी अकरा वेळा थांबले आणि अकरा वेळा निघाले. शेवटी शेवटी तर मला वाटत होतं, अजून थोडा तुंबू दे रस्ता.

पंतनगरला पावणेनऊला पोचलो. आचारी फाटकातच उभा होता. एकसष्टीचे आजोबा सदरा घालायचा ठेवून बनियनवरच खाली आले, वांगं हातात घेऊन देठ बघितलं, काटे बघितले आणि म्हणाले, "हेच!" मग माझ्याकडं बघून, "आणि ही ड्रायव्हर कोण?"

"माझी चेली," आंटी म्हणाली.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलंच नाही. परतीच्या वाटेवर, पवईचा तलाव उजवीकडं असताना, मी आंटीला म्हटलं, "तुला दिंडोशीला दुसरा टेम्पो नसता मिळाला का गं?"

"मिळाला असता की. हायवेला टेम्पोची काय कमी? पावणेसातला फोन केला तुला. सव्वासातपर्यंत आली नसतीस तर बोलावणारच होते."

मी गाडी जवळजवळ थांबवलीच. "म्हणजे?"

"म्हणजे काय? वेळ होता हातात. म्हटलं बघू तरी, येतेस का. पुढं बघ, रिक्षा आहे."

दोन महिने संपले. शेवटच्या दिवशी पुन्हा सगळ्या पंपांवर रांगा लागल्या. त्या रांगेत आमची गाडी मी स्वतः उभी केली होती आणि नवरा बाजूला बसून पुढच्या गाड्या मोजत होता. दुसऱ्या सकाळी भाव पुन्हा होते तिथं गेले. सरकार मुदत वाढवेल अशी आवई चार दिवस फिरली आणि विरली. आंटीनं हिशेब केला आणि रोजचं येणं थांबवलं. मला वाईट वाटलं, पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. आमच्या आणि आजूबाजूच्या सात इमारतींतल्या बायकांनी आदल्या दिवशी मागणी कळवायची आणि तिनं फक्त शनिवारी, टेम्पो पूर्ण भरून यायचं, असं तिनंच ठरवलं. ते चाललंय. आमची गाडीही रोज निघत नाही. पण निघते. नवऱ्याला डोळ्याच्या दवाखान्यात मी नेते. तो डावीकडं बसतो, रुमाल खिशात असतो. एकदाही "क्लच" म्हणाला नाही.

परवाच्या रविवारी आम्ही गोराईला गेलो. होडीनं नाही, गाडीनं, तो पूर्ण वळसा घालून. दहिसर, भाईंदर, मग उत्तनची वळणं, एका वळणावर एकदम समुद्र समोर आला आणि नवरा म्हणाला, "जरा थांबव ना." आम्ही थांबलो, उतरलो, वाऱ्यात उभे राहिलो. मग वाडीवर गेलो. आंटी वांग्याच्या वाफ्यांत वाकलेली होती. आम्हाला बघून कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. आत बोलावलं, पाणी दिलं, माशाचं कालवण चुलीवर होतंच.

जेवण झाल्यावर तिनं टेम्पोची किल्ली माझ्यासमोर धरली.

"वाडीला एक फेरी मार. हा डिझेलवर चालतो, तुझ्या गाडीसारखा लाडाचा नाही. सावकाश."

नवरा म्हणाला, "अहो, तुमचं कुंपण?"

"कुंपण काय, पुन्हा बांधता येतं," आंटी म्हणाली.

पायरी उंच होती. मी दांडी धरली आणि वर चढले. इंजिन खोकलं, सगळा टेम्पो हादरला, आणि मला पुन्हा त्या पहिल्या दिवसासारखं मोठ्यानं हसू यायला लागलं.